किल्ली कुणाच्या कमरेला?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण कामाच्या ताणावर पानभर मजकूर छापलात. सगळं आपल्याच हातात ठेवायचा हट्ट सोडा, थोडं ढिलं घ्या, मन हलकं होईल, असा त्याचा सूर होता. गणपती पेठेत आमच्या दुकानासमोर चहाची टपरी आहे. तिथं सोमवारी सकाळी माल उतरायच्या आधी ते पान मी मोठ्यानं वाचून दाखवत होतो. ऐकणाऱ्यांत आमचे तात्या होते. पेठेतले जुने हमाल, साठीला आलेले, मानेवर पोत्याचा घट्टा. बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "दिवाणजी, ह्ये आमच्यासाठी न्हाई. आमी काय सोडायचं? पोतं सोडलं तर पायावर पडतंय."

टपरीवर हशा पिकला. तात्या मात्र हसले नाहीत. बशी विसळून ठेवत म्हणाले, "ज्येच्या कमरंला किल्ल्या हायत्या त्येला सांगा की ह्ये." आणि त्यांनी माझ्या कमरेकडं बघितलं. तिथं आता काही नाही. पण काही वर्षांमागं तिथं काय लटकत होतं ते पेठेत तात्यांइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र.

मी ३४ वर्षं एका घाऊक किराणा दुकानात दिवाणजी आहे. हल्ली अकाउंटंट म्हणतात, पण पेठेत अजून दिवाणजीच. दुकानाचं नाव देत नाही. मालक सज्जन आहेत, आणि पुढं जे सांगणार आहे त्यात चूक त्यांची नाही, माझी आहे.

माझ्या करदोट्याला सहा किल्ल्यांचा जुडगा असायचा. शटरच्या दोन कुलपांच्या दोन, मागच्या दाराची एक, तिजोरीची, माळ्याची, आणि सहावी अशी की जिचं कुलूप केव्हाच मोडीत गेलेलं, पण किल्ली फेकवत नव्हती. रात्री शटर ओढलं की खाली वाकून डावं कुलूप लावायचं, खट् आवाज ऐकायचा, मुठीत धरून खाली ओढून बघायचं. मग उजवं. मग पुन्हा डावं. कधी कधी कडी बोटाला चावायची. रस्ता ओलांडून स्कूटरपाशी गेलो की मनात यायचं, उजवं ओढलं का आपण? की नुसतं हात लावला? झालं, परत फिरायचं. राहायला मी विश्रामबागेत. पुष्पराज चौकापर्यंत जाऊन स्कूटर वळवलेली किती वेळा ते मोजलं नाही. एकदा तर ताटावरून उठलो होतो. मंडळी म्हणाली, "जेवून तरी जा, कुलूप काय पळून जातंय?" ३४ वर्षांत कुलूप एकदाही उघडं सापडलं नाही. पण त्यानं माझी खात्री पटायच्या ऐवजी वाटायचं, बघा, मी बघतो म्हणून बंद असतं.

कुलपाचं हे, तसंच सगळ्याचं. दुकानात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, पुढं २०१७ ला जीएसटी आला, सगळी बिलं संगणकावर निघायला लागली. तरी रात्री मी संगणकातली जमा-नावे हातानं रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत, उतरवून ताडून बघायचो. माझ्या हाताखाली एक बी.कॉम. झालेला पोरगा आहे, कवठेमहांकाळकडचा, तेव्हा पंचविशीतला असेल. प्रत्येक बिल तो माझ्यासमोर धरायचा, मी लाल पेननं खूण करायचो, आणि खूण झाल्याशिवाय टेम्पो हलायचा नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आत मी फोनवर, पोरगा कागद हातात घेऊन उभा. जतला भाचीच्या लग्नाला गेलो तर अक्षता पडेपर्यंत मी दुकानात अकरा फोन केले. "तूरडाळीचा दर बघितला ना? गुळाच्या ढेपा मोजून घेतल्या ना?" पोरगा प्रत्येक वेळी "हो दिवाणजी" म्हणायचा. गल्ल्याच्या खणात त्याच्या पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असायची. ती मी रोज बघायचो, आणि मला वाटायचं पोराचं खाणंपिणं बरोबर नाही.

आता २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत कुणाला तो सांगावा लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, हे इथं शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. पाणी ४५ ओलांडून चढत होतं, पण मी २००५ चा पूर पाहिलेला. तेव्हा जवळपास ५४ फूट झालं होतं आणि आमच्या दुकानाच्या दुसऱ्या पायरीला पाणी शिवून परत गेलं होतं. वर अजून एक पायरी, मग दुकानाची जमीन. त्यामुळं माझा हिशेब पक्का होता: पाणी आत येत नाही. संध्याकाळी दुकान बंद केलं, कुलपं तीनतीनदा ओढली आणि घरी आलो.

रात्री साडेदहाच्या सुमारास तात्यांचा फोन आला. पेठेतले सात-आठ हमाल आणि आमचा पोरगा दुकानासमोर उभे. शेजारची दुकानं माल वर चढवत होती. "दिवाणजी, पानी थांबत न्हाई. साखर माळ्यावर घिऊ. किल्ली?" किल्ली माझ्या कमरेला, विश्रामबागेत. मी म्हणालो, निघालोच. तात्या म्हणाले, "स्टँडकडनं येता येतंय का बघा, न्हाईतर कुलूप तोडू का?"

संपादक महोदय, त्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते मी अजून कुणाला नीटसं सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "थांबा. मी आल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही."

स्टँडच्या अलीकडंच रस्ता बंद होता. दोन-तीन गल्ल्यांतनं बघितलं, सगळीकडं पाणी. पोलिसांनी परत पाठवलं. तासभर मी पावसात उभा राहून फोन लावत होतो, आणि तिकडं आठ माणसांचे सोळा हात बंद शटरसमोर रिकामे. मग त्यांनाही निघावं लागलं, त्यांची स्वतःची घरं होती. पाणी पुढं ५७ फुटांच्या वर गेलं.

ओसरल्यावर गेलो तेव्हा शटरवर छातीपर्यंत चिखलाची रेघ. दोन्ही कुलपं जागच्या जागी. मी वाकून डावं ओढून बघितलं, सवयीनं. घट्ट होतं. कुलपात गाळ शिरल्यामुळं किल्ली आत जात नव्हती, शेवटी तात्यांनीच पहारीनं तोडलं. आत कमरेइतकं पाणी येऊन गेलेलं. चाळीस पोती साखर होती, त्यातली पोती तेवढी राहिली, ओली, सपाट, एकावर एक निजल्यासारखी. साखर पाण्याबरोबर कृष्णेत गेली. मालक आत आले, बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "माणसं सगळी ठीक आहेत ना?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

यातनं माणूस शहाणा व्हायला पाहिजे. मी उलटा झालो. पूर्वी दुकानाची काळजी होती, आता नदीचीही माझ्याकडं आली. पुढच्या पावसाळ्यात पहाटे तीनला उठून फोनवर बघायचो: वरच्या कोयना धरणात साठा किती, त्याचे सहा वक्र दरवाजे किती फुटांवर, विसर्ग किती, आयर्विनला पाणी किती. १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, आणि मी विश्रामबागेतल्या न्हाणीघराच्या दारात उभा राहून ते सांभाळतोय. दरवाजे काही मला विचारून उघडत नाहीत. ज्यांच्या हातात ते आहेत, त्यांच्याही हातात पाऊस नसतो. ते पुढच्या पाण्याला जागा राहावी म्हणून आधीपासून थोडं थोडं सोडत राहतात. मला तेवढंही सुचत नव्हतं. वरचा रक्तदाब १७० वर गेला तेव्हा डॉक्टरांनी गोळी चालू केली आणि विचारलं, "रात्री कशाला उठता?" मी म्हणालो, पाणी बघायला. ते म्हणाले, "बघितल्यावर कमी होतं का?"

माझी धाकटी मुलगी तेव्हा कोल्हापूरला विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती. तिनं कुलपाची हकीगत ऐकून एक प्रयोग सांगितला, तो मला पटला, कारण त्यात उपदेश नव्हता. नेदरलँडमधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या दोघांनी २००३ साली तो छापला. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवायची. विद्यार्थ्यांनी ती चालू करायची, बंद करायची, आणि बंद झाली का ते तपासायचं. काहींनी हेच वीसेक वेळा करायचं. शेवटी विचारायचं, आत्ता शेवटच्या वेळी कुठली कुठली शेगडी तपासलीत? उत्तरं बहुतेकांची बरोबर आली. पण ज्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं होतं त्यांना ते डोळ्यांसमोर स्पष्ट दिसेना, आणि स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा राहिला नाही. म्हणजे शंका आली म्हणून माणूस तपासतो हे खरं, पण तपासल्यानं शंका वाढते हेही खरं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही रोज तीनदा ओढता म्हणून तुम्हाला आठवत नाही. एकदाच ओढा, बघत ओढा, आणि मागं वळू नका."

सांगायला सोपं. पहिल्या दिवशी एकदाच ओढलं आणि स्कूटर चालू केली, तर राजवाडा चौकापर्यंत तळहात घामानं ओले. घरी जाऊन जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. चारेक आठवडे असेच गेले. मध्ये दोनदा परत फिरलो, ते मुलीला सांगितलं नाही. मग हळूहळू जमलं. पण ते अर्धंच काम होतं. कुलूप एकदा ओढायला शिकलो, तरी किल्ली अजून माझ्याचकडं होती. खरी गोष्ट तिथं आहे, आणि आपल्या पुरवणीत ती नव्हती.

२०२१ च्या जूनमध्ये मी शटरच्या दोन्ही किल्ल्या आणि माळ्याची किल्ली पोराच्या हातात दिली. त्याची एक जोडी तात्यांकडं ठेवायला सांगितली. मालकांना विचारून, अर्थात. मालक म्हणाले, "हे तुम्ही म्हणताय होय?" जुडग्यातनं किल्ली काढताना लोखंडी कडी उघडेना. इतकी वर्षं ती उघडलीच नव्हती. पोरगा म्हणाला, "द्या इकडं," आणि त्यानं नखानं उघडली.

महिन्यानं जुलैत पाणी आलंच. यावेळी कुणी मला फोन केला नाही. मी केला, तर पोरानं उचलला नाही. पुन्हा केला, नाही. मंडळीनं फोन माझ्या हातातनं काढून शेवग्याच्या शेंगा निवडायला दिल्या. शेवटी संध्याकाळी त्याचाच आला: "दिवाणजी, कालच दुपारी पाच जणांना घेऊन माल चढवला. फोन खिशात होता, हातात पोती होती." त्या खेपेला आयर्विनला पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं आणि दुकानात वीतभर आलं. साखर, डाळी, पोहे, दप्तर, सगळं वर. गुळाच्या नऊ ढेपा मात्र त्यानं मागच्या फळीवर ठेवल्या होत्या, ती फळी बुटकी आहे, त्या भिजल्या. मी असतो तर ती फळी धरलीच नसती. हे मी मनात म्हणालो, आणि लगेच आठवलं की मी होतो तेव्हा चाळीस पोती साखर गेली होती. गप्प बसलो. पुढच्या वर्षी त्यानं ती फळी सुतार बोलावून स्वतःच वर घेतली. मला विचारलंही नाही. थोडं लागलं, खरं सांगतो.

आता तात्यांच्या ‘आमी काय सोडायचं?’ या प्रश्नाकडं येतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या दहा हजारांवर नोकरदारांचा १९८५ पासून वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात मायकेल मार्मट हे डॉक्टर प्रमुख. वर साहेब, खाली कारकून आणि शिपाई. आपल्याला वाटेल, काळजी साहेबाला, म्हणजे हृदयविकार साहेबाला. निघालं उलटं. जसजसं खाली जावं तसा आजार जास्त. आणि त्याच्या कारणांत एक मोठं कारण हे की खालच्या माणसाला स्वतःच्या कामात काही ठरवता येत नाही. काय करायचं, कधी करायचं, कसं करायचं, सगळं दुसऱ्याच्या खुणेवर. हे मुलीनं सांगितलं तेव्हा मला गल्ल्याच्या खणातली गोळ्यांची पट्टी दिसली. लाल पेन माझं, पित्त पोराचं.

म्हणून म्हणतो, ‘सोडा’ हा सल्ला सगळ्यांना सारखा वाटू नका. कुपवाडच्या कारखान्यात आठ तास यंत्रापुढं उभं राहणाऱ्याला, साहेबाच्या रात्री दहाच्या मेसेजला ‘हो सर’ लिहिणाऱ्या पोरीला, पोतं वाहणाऱ्या तात्यांना ‘ताबा सोडायला शिका’ म्हणणं ही चेष्टा आहे. त्यांच्या हातात ताबा दिला कुणी? त्यांनी उलट घट्ट धरायच्या गोष्टी आहेत. मजुरी, सुट्टी, वजनाचा काटा. १९६९ चा माथाडी कायदा हमालांनी काही ‘जाऊ द्या’ म्हणून मिळवला नाही. सोडायचं आहे ते माझ्यासारख्यांनी, ज्यांच्या कमरेला जुडगा आहे. आमच्या शेजारी एक ताई बँकेत आहेत. त्यांचा साहेब दर अर्ध्या तासाला आकडा मागतो. त्या म्हणतात, आकडा काढण्यातच काम राहतं. श्वासाचे व्यायाम त्यांनी करून बघितले. साहेबानं दिवसातनं दोनदा आकडा मागितला तर त्या व्यायामाशिवायही बऱ्या होतील असं त्यांचं मत आहे, आणि माझंही.

सगळं सोडा असंही मी म्हणत नाही. तिजोरीची किल्ली अजून माझ्याकडं आहे. महिनाअखेर तेरीज, म्हणजे जमा-नावेचा ताळा, मीच बघतो, एक पै इकडं-तिकडं चालत नाही. पण रोजच्या बिलावर खूण करणं बंद केलं. रोजकीर्द उतरवणं बंद केलं. त्या वेळात काय करतो? पहिले पंधरा दिवस कळेना, नुसताच बसून राहायचो. मग संध्याकाळी घाटावर जायला लागलो. (घरात मात्र गॅस टाकीची तारीख अजून मीच लिहितो. मंडळी म्हणते, ती किल्ली कधी देणार? विचार चालू आहे.) पोराची गोळ्यांची पट्टी आता खणात दिसत नाही. मी याचं श्रेय घेऊन बघितलं, पण घरच्यांच्या मते त्याचं लग्न झालं म्हणून.

आपल्याला विनंती एवढीच. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा ते मालकांसाठी, साहेबांसाठी, मुकादमांसाठी, मुख्याध्यापकांसाठी आणि माझ्यासारख्या दिवाणज्यांसाठी काढा. त्यांना विचारा, या महिन्यात तुम्ही कुठली किल्ली कुणाच्या हातात दिली? तुमची खूण झाल्याशिवाय कुणाकुणाचा टेम्पो अडून उभा आहे? अशी उत्तरं जिल्ह्यातनं मागवा आणि नावं न घालता छापा. तात्यांना वाचून दाखवायची जबाबदारी माझी.

आता पत्र टाकायला निघतो. आठ वाजले, पोरगा शटर ओढतोय, खट् असा आवाज इथवर आला. मागं वळून बघितलं नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहायचं? एकदा बघितलं.

आपला,
एक दिवाणजी
गणपती पेठ, सांगली